दुसरा माग

॥ श्री ॥

तांडापेठ, नागपूर
गुढीपाडव्याचा दुसरा दिवस, शके १८८०

सौ. अनुसया हीस,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि टाक थांबला. उद्या वर्गभर पोरं जिला उठून नमस्कार करतील, तिला मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्या माणसानं आशीर्वाद कोणत्या तोंडानं द्यायचा? पण रीत आहे म्हणून देतो. ठेवून घे. इकडे आम्ही सुखरूप आहोत. आईचे गुडघे थंडीत धरले होते, ते आता ऊन तापल्यावर जरा मोकळे झाले. गोपिकेची परीक्षा तोंडावर आली आहे, पण तिला त्याची काही फिकीर दिसत नाही. सुताचा भाव पुन्हा चढला. उन्हाळा यंदा कडक जाईल असं दिसतं.

काल पाडवा झाला. गुढीला मागावरून नुकतंच उतरवलेलं लुगडं लावलं, अंजिरी अंगाचं, करवती काठाचं. दरवर्षी काठी तू धरायचीस आणि मी बांधायचो. यंदा आईनं धरली. तिच्याच्यानं ती सरळ राहीना, म्हणून गुढी जराशी शेजारच्या चंपतरावांच्या घराकडे कललेली राहिली. चंपतरावांनी ते लगेच पाहिलं. सूनबाई सणाला आल्या नाहीत का, म्हणून विचारलं. परीक्षा जवळ आहे, म्हणालो. जेवणं झाल्यावर पान खायला आले तेव्हा पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांचं विचारणं कसं असतं ते तुला ठाऊक आहे. उत्तर ऐकायला नसतं, तोंड पाहायला असतं.

आता तुझ्या पत्रातल्या प्रश्नाचं. पहिलं वर्ष पुरं झालं की परत यायचं आणि इथेच एखाद्या शाळेत खालची जागा पाहायची, की दुसरं वर्षही वर्ध्याला काढून पुरी मास्तरीण व्हायचं, असं तू विचारलंस. खाली लिहिलंस, ‘आपण सांगाल तसं करीन.’ तर आईचं म्हणणं असं पडलं की तू यावंस. घर बाईवाचून बरं दिसत नाही. पोरीची वेणी आई घालते, ती दुपारपर्यंत सुटते. धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायला हात कमी पडतो. दुसरा मागही अजून बसलेला नाही. तेव्हा आईची इच्छा अशी आहे. मी माझं काही सांगत नाही.

इतकं लिहून पत्र बंद करणार होतो. पण कागद बराच कोरा उरला आहे. आई आत पडली आहे, गोपिका बाहेर खेळून राहिली आहे, आणि आज सणाचा दुसरा दिवस म्हणून माग बंद आहे. तेव्हा लिहितो.

पाडव्याची ही चाल या घरात तूच आणलीस. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला म्हणालीस, आमच्या उमरेडला गुढीसमोर उभं राहून वर्षाचं एक काम तोंडानं बोलतात, आणि बोललं ते करतात. मी तेव्हा हसलो होतो. मग सवय झाली. कधी घरावर नवे कवेलू चढले, कधी तुझं बाळंतपण सुखरूप पार पडलं, कधी दोघांचंही काही झालं नाही आणि आपण हसून मोकळे झालो. जिंकलो तर दोघं, हरलो तर दोघं. म्हणून त्याचं कधी काही वाटलं नाही.

मागच्या पाडव्याला मी म्हणालो, दुसरा माग टाकीन. तू म्हणालीस, मी शिकायला जाईन. गोपिकेच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी तुझ्या मनात ते भरवलं होतं, हे मला नंतर कळलं. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. अर्जावर सहीही केली. गल्लीत सगळे म्हणाले, जागेश्वर मोठ्या मनाचा माणूस. आता खरं सांगतो. सातवी होऊन तुला इतकी वर्षं झालेली, पदरात पोर. मला वाटलं, तुझं नाव काही लागत नाही. आणि नाव लागणार नसलं तर मोठ्या मनाचं व्हायला माणसाचं काय जातं?

नाव लागलं.

तोवर वैशाखात मी खड्डा खणून ठेवला होता. सुतारानं मागाची चौकट करून भिंतीला टेकवून दिली होती. मृग लागला, तू ट्रंक घेऊन गेलीस, आणि चौकट भिंतीलाच राहिली. कोणी विचारलं की मी सांगायचो, काय करता, कांड्या भरणारे हातच गेले. खरं म्हणजे आईनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की मी भरते. भरल्याही तिनं. एका मागाला पुरून टोपलीत उरायच्या. चौकट बसवायला सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम होतं.

मी ती बसवली नाही, अनुसया. दोघांनी बोललेल्यातलं तुझं पुरं होऊन राहिलं होतं. माझंही झालं असतं, तर तुझ्या जाण्यानं या घराचं काय बिघडलं, असं लोकांनी विचारलं असतं. माझं अडलेलं कोणाला तरी दिसायला पाहिजे होतं. दिवाळीत तू आलीस तेव्हा घरात पाय ठेवल्याबरोबर तुझी नजर त्या रिकाम्या खड्ड्याकडे गेली. तुझं तोंड उतरलं. आणि मला बरं वाटलं. हे वाचून तुला काय वाटेल ते मला ठाऊक नाही.

तुझी पत्रं यायची, त्याचंही सांगतो. पहिल्या पत्रात ‘तुमाले’ होतं. पोळ्यापर्यंत ‘तुम्हाला’ झालं आणि दसऱ्याला ‘आपणांस’. आम्ही इथे ट्रेनिंग म्हणतो, तू अध्यापन मंदिर लिहितेस. अक्षर आधी मुंग्यांसारखं पळायचं, ते ओळीत चालायला लागलं. आईला पत्र वाचून दाखवताना मी ‘आपणांस’ सोडून देत होतो. बोलताना आपल्या तोंडी नाही ते, माझ्या जिभेवर चढत नव्हतं.

आणि पानापानावर मनोहरराव गुरुजी. गुरुजींनी हे सांगितलं, गुरुजींनी ते दाखवलं. एका पत्रात लिहिलंस की उद्योगाच्या तासाला मनोहरराव गुरुजींनी ताणाबाणा फार सुंदर समजावून सांगितला. ते वाचून मी पत्र घडी करून टोपीखाली ठेवलं. अगं, ताण्याच्या सुताखालून रांगत तू मोठी झालीस. माझ्या घरात तर बोलणं बंद झालं तरी धोटा बंद होत नाही. आणि तुला ताणाबाणा कोणी समजावायचा? तर पुस्तक वाचून आलेल्या मास्तरनं. आणि तोही सुंदर.

मूर्खपणा असा झाला की मी हे चंपतरावांजवळ बोललो. हसून बोललो, जसं काही मला त्याची गंमतच वाटते. ते मिलमधून येऊन ओट्यावर पाय धूत होते. त्यांनी पाय धुणं थांबवलं नाही. एवढंच विचारलं,

“गुरुजी काय वयाचे हाये गा?”

मला ते ठाऊक नव्हतं. तू कधी लिहिलं नव्हतंस, मी कधी विचारलं नव्हतं. त्या एका प्रश्नानं माझं जेवण गेलं. धोटा टाकताना काठ चुकायला लागला. चांगल्या लुगड्याच्या काठात मी करवतीचे दात मोडले आणि उकलून पुन्हा विणत बसलो. तुला पत्र लिहायला घेतलं की पहिली ओळ तीच यायची, म्हणून लिहिणंच टाळलं. तुला वाटलं असेल, काम जास्त आहे.

संक्रांतीनंतर एक दिवस आईला सांगितलं की सुताच्या कामानं बाहेर जातो, आणि वर्ध्याची गाडी धरली. हो. मी वर्ध्याला आलो होतो. तुला न सांगता. लग्नातला कोट घातला होता. स्टेशनाजवळून संत्र्यांची एक करंडी घेतली, म्हणजे कोणी पाहिलं तर म्हणता यावं की बायकोला संत्री द्यायला आलो. गाडीत सगळ्या वाटेनं मी मनोहररावाला बोलायची वाक्यं जुळवत होतो. शुद्ध भाषेत जुळवत होतो, त्याला हसायला जागा नको म्हणून.

फाटकावरच्या चौकीदारानं सांगितलं की बाया पलीकडच्या शाळेत पाठ घ्यायला गेल्या आहेत. मी तिकडे गेलो. ओसरीला लागून खिडकी होती. आत पाहिलं तर मागच्या बाजूला स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले. काळी टोपी, गळ्याला मफलर, मांडीवर पिकदाणीसारखा डबा, आणि दर घडीला खोकला. पोरं त्यांना गुरुजी म्हणत होती. ते मनोहरराव. माझा जीव भांड्यात पडला. हसूही आलं. त्या म्हाताऱ्यासाठी मी लुगड्याचा काठ बिघडवला होता.

मग मी फळ्याकडे पाहिलं.

तू पोरांना ओळीनं उभं केलं होतंस. ते म्हणे ताण्याचे धागे. एका पोरीच्या हातात लाल सूत दिलं होतंस आणि ती धोटा होऊन त्या पोरांमधून वाकडीतिकडी धावत होती. एकाच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून. शेवटच्या पोराला वळसा घालून ती परत फिरली की तू टाळी वाजवायचीस आणि सगळी ओळ एकमेकांना चिकटून उभी राहायची. पोरं हसत होती. तू हसत होतीस. पदर कमरेला खोचलेला, बोटांना खडू लागलेला. तुझा आवाज ओसरीत माझ्यापर्यंत येत होता. या घरात तुझा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही. मला वाटायचं, तो तेवढाच आहे.

मागावर माझं अर्धं आयुष्य गेलं. गोपिकेनं किती वेळा विचारलं असेल, बाबा हे कसं होते? मी म्हणालो, जा, खेळ तिकडे. हे सांगता येतं, दाखवता येतं, पोरांना हसवत हसवत दाखवता येतं, हे माझ्या ध्यानातच कधी आलं नाही. आणि तू ते असं करत होतीस जसं काही तुला आधीपासून येत होतं, आणि आम्ही कोणी तुला कधी विचारलंच नव्हतं.

गुरुजींचा राग आला असता तर बरं झालं असतं. माणसावर जळलं तर त्याला दोन शिव्या देऊन मोकळं होता येतं. मी तुझ्यावर जळलो, अनुसया. त्या पोरांवर जळलो, कारण तुझं ते तोंड त्यांना पाहायला मिळत होतं. ते तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. लग्नात नाही, गोपिका झाली तेव्हा नाही. मी आवाज दिला असता तर तू चपापून पदर नीट केला असतास, आणि ते तोंड गेलं असतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी एक वेळ मनात आलं की द्यावाच आवाज.

दिला नाही. फाटकावर परत आलो आणि करंडी चौकीदाराजवळ ठेवली. अनुसयाबाईंना द्या म्हणालो. तुम्ही कोण, त्यानं विचारलं. मी सांगितलं, घरचं माणूस आहे, पोचवायला आलो. त्याला वाटलं घरगडी, आणि मी ते वाटू दिलं. पुढच्या पत्रात तू विचारलंस की संत्री कोणाच्या हाती पाठवलीत, गोड होती, सगळ्या मुलींनी खाल्ली. त्याचं उत्तर मी दिलं नाही. आज दिलं.

त्यानंतर फाल्गुनात तुझं ते विचारणारं पत्र आलं. मी ते आईला वाचून दाखवलं आणि म्हणालो, बोलावून घेऊ तिला. घर पार अडून राहिलं आहे. आई कांड्या भरत होती. तिनं रहाट थांबवला, वर पाहिलं.

“तिच्यावाचून घर नाही अडलं गा, जागेश्वर. तूच अडून बसला.”

आणि रहाट पुन्हा सुरू केला. तेव्हा वर आईच्या नावावर जे लिहिलं, ते आईचं नाही. माझं आहे. तिला वाचता येत नाही, तेवढ्याचा मी फायदा घेतला. मी ते खोडत नाही. माझं तोंड कसं आहे ते तुलाही एकदा दिसू दे.

आता कालचं. गुढीची पूजा झाल्यावर मी तसाच आत वळलो होतो. तू नाहीस तर कोणासमोर काय बोलायचं? गोपिकेनं धोतर धरून थांबवलं. आई म्हणजे तू सांगतेस तसं वर्षाचं एक काम बोला म्हणाली. आधी तीच बोलली की यंदा मी माझी वेणी माझ्या हातानं घालीन. मग तिनं आजीकडे पाहिलं. मला वाटलं आई म्हणेल, काशीला जाईन, नाही तर डोळे मिटले तर बरं. आई गुढीच्या लुगड्याचा काठ बोटांनी चाचपत उभी होती.

“हयातभर दुसऱ्यासाठी कांड्या भरल्या,” ती म्हणाली. “एक लुगडं आपल्या हातानं काढाचं हाय मले.”

आपल्या घरात बाया ताणा करतात, सुताला खळ लावून पाजणी करतात, कांड्या भरतात. धोट्याला हात लावत नाहीत. का लावत नाहीत ते कोणी सांगितलेलं नाही. मी म्हणालो, गुडघ्याचं काय करशील, खड्ड्यात बसून पायानं दाबावं लागतं. ती म्हणाली, गुडघे माझे आहेत, मी पाहून घेईन. मग विचारलं, इतकी वर्षं कधी बोलली नाहीस? तर म्हणते, कोणी पाडव्याला मले इचारलं होतं काय?

मी पुन्हा जळलो. आधी बायको, आता माय. म्हणजे या घरात सगळ्यांच्या मनात काही ना काही होतं आणि मीच एकटा काठ पाहत बसलो होतो. पण मुहूर्ताचा दिवस होता. तिसऱ्या प्रहरी सुताराला बोलावून आणलं. तो सणाचा कुरकुरला, पण आईनं त्याला श्रीखंडपुरी वाढली. संध्याकाळी चौकट बसली. गोपिकेनं खड्ड्यातलं आपलं बाहुलीचं सामान काढून घेतलं, रडली थोडी. आईनं पाय आत सोडून पाहिले, उंची बरोबर आहे म्हणाली. पहिलं लुगडं ती काय काढेल देव जाणे. पण आज सकाळी माझ्या आधी उठून ती सुताचे रंग पाहत बसली होती. मी हिरवं सुचवलं, तिनं ऐकलं नाही.

माझं बोलणं काल राहिलं. दोघींनी पाहिलं माझ्याकडे. मनात होतं की यंदा मी जळणं सोडीन असं बोलावं. पण तुझ्या माहेरची रीत कडक, बोललं ते करावं लागतं. आणि हे माझ्याच्यानं वर्षात होईल असं मला वाटत नाही. खोटं बोलून गुढीसमोर उभं राहायचं नव्हतं.

म्हणून जे होण्यासारखं आहे तेवढं इथे बोलतो. तू दुसरं वर्ष पुरं कर. हे मी सांगतो आहे, आईच्या नावावर नाही, माझ्या. खालच्या जागेवर येऊन बसू नकोस. लोक विचारतील, त्यांना मी सांगीन. पोरीची वेणी, कांड्या, घर, ते आम्ही पाहू. पावसाळ्यात एकदा गोपिकेला घेऊन वर्ध्याला येईन. तिला तो धावण्याचा पाठ दाखव. मी बाहेर बसीन. तू बोलावलंस तर आत येईन.

एक मागणं मात्र आहे. गेल्या महिन्यातली तुझी पत्रं मी पुन्हा काढून पाहिली. ‘इकडे सर्व ठीक. अभ्यास चालू. गोपिकेस जपावे.’ त्या एका प्रश्नाखेरीज एवढंच. पत्रांतून गुरुजी गेले, पाठ गेले, पोरं गेली. पाठांच्या चाचणीत तुझा पहिला नंबर आल्याचं मला मोठ्या बाईंकडून कळलं. त्यांनी रस्त्यात थांबवून माझं अभिनंदन केलं आणि मी कशाचं ते न कळता हसलो. माझ्या कोरड्या उत्तरांनी तू लिहिणं आवरलंस, हे मला समजतं. चांगलं काही झालं की हे त्यांना लिहू की नको, असा विचार तू करत असशील. वर्षभरात जे जे जळालं त्यात हे सगळ्यात जास्त लागलं, आणि याला आग मीच लावली.

आवरू नको वं. नंबर आला तर नंबर लिही. कोणी वाहवा केली तर काय शब्दांत केली ते लिही. पोरं कशाला हसली ते लिही. ‘आपणांस’ लिहायचं तर तेही लिही, मी आईला वाचून दाखवीन. मी वाचीन, माझ्या पोटात दुखेल, एखादा दिवस माझा धोटा चुकेल. चुकू दे. पण तुझं चांगलं झालेलं मला रस्त्यात दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. तुझं सगळं चांगलं मला पहिल्यानं सांग आणि मला जळू दे.

परीक्षेला निघताना दही खाऊन जा. घाईत उपाशी जातेस, ही तुझी जुनी खोड आहे. आईचे आशीर्वाद, ते खरोखर तिचे आहेत, तिनं सांगून लिहवले.

तुझ्यावर जळणारा,
आणि जळला तरी तुझाच,

जागेश्वर